सव्वा व्होल्टचा चमत्कार

"पेटला! पेटला!" हॉलभर एकच गलका झाला. महाराजांपुढचा छोटा दिवा लखलखत होता आणि त्याच्यासमोर एक बाई हात जोडून बसली होती.

"गोळ्या सोडल्यात ना, ताई? बघा, साखर पळाली!" महाराज डोलत म्हणाले.

ही बाई रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची बायको. चार दिवस तिने मधुमेहाच्या गोळ्यांना हात लावला नव्हता, म्हणून तो काळजीपोटी मागोमाग आला होता. पण तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं मेलेले रेडिओ बोलते केले, कधी साधं "वा!" नाही. आणि इथे टॉर्चच्या बल्बला नमस्कार!

"जळता तुम्ही त्यांच्यावर," असं ती सकाळीच म्हणाली होती. खोटं काय त्यात? जळतच होता तो!

मग गर्दीतला एक शिंपी पुढे आला. दिवा मंदावला, पण विझला नाही. बल्बमधली तार लालसर धुगधुगत राहिली.

"पापी आहेस! तरी देव कुणाला पुरतं अंधारात टाकत नाही, बरं का!"

रेडिओवाला चमकला. ही लाली तो रोज टेबलावर बघायचा. व्होल्टेज कमीजास्त करायचं ते स्वस्तातलं बोर्ड, नॉब कितीही उलटा पिळा, सव्वा व्होल्टच्या खाली येतच नाही! तो तडक पुढे गेला.

"थांब, भस्म होशील!"

"सव्वा व्होल्टमध्ये? काहीतरीच काय!" म्हणत त्याने आसनावरची चादर ओढली. महाराजांच्या गुडघ्याखाली बोर्ड होतं, नॉब होता, दिव्याकडे गेलेली वायर होती.

"तू फिरव," तो बायकोला म्हणाला.

तिने फिरवला. दिवा लखलखला. उलटा फिरवला, मंदावला.

"म्हणजे मी आता पुण्यवान का हो?" शिंप्याने विचारलं. लोक हसत सुटले आणि महाराज मागच्या दाराने पसार झाले.

"जळूनच केलंत ना हे?" बायकोने विचारलं.

"हो, जळूनच. म्हणून माझं ऐकूच नकोस, कुणाचंच ऐकू नकोस. हाताने फिरवून बघ, रक्त तपासून बघ, मग काय ते मान."

तिने नॉब पुन्हा एकदा फिरवला. "हे तुम्हाला आधीपासून येत होतं?"

"रोज करतो."

"मग मला कधी दाखवलं का नाहीत?"

तो वायर गुंडाळू लागला. तिने पदराने डोळे पुसले. "चला, आधी रक्त तपासू. मग दुकानात बसते तुमच्या."