शिशाच्या ॲप्रनने पाहिलेली गाठ

मी एक जुना शिशाचा ॲप्रन आहे, मित्रांनो. नाव ॲप्रन असलं तरी स्वयंपाकघर मला ठाऊक नाही. रुग्णालयात क्ष-किरणांच्या खोलीत मी डॉक्टरांच्या अंगावर असतो, म्हणजे किरण त्यांना बाधू नयेत. नवा होतो तेव्हा मला खुंटीवर नीट टांगायचे. आता काम झालं की खुर्चीवर भिरकावतात, वर कुणीतरी बसतंसुद्धा! दुमडून दुमडून आतलं शिसं तडकलंय. असो, माझं रडगाणं पुरे.

आमच्या डॉक्टरबाई मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गाठ काढतात. जांघेतून बारीक नळी घालायची, मानेतून वर मेंदूपर्यंत न्यायची आणि गाठ ओढून आणायची. निघालेली गाठ पांढऱ्या कापडावर ठेवून घरच्यांना दाखवायची, ही बाईंची पद्धत. घरचे हात जोडत आणि मी उगाचच फुशारून जाई.

एकदा बसस्थानकावर गाड्यांची घोषणा करणारे काका आले. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, वाचा बंद. काकू दारापर्यंत धावत आल्या. "डॉक्टर, यांचा आवाज तेवढा परत आणा हो. दिवसभर बोलणारा माणूस आहे!"

काकूंनी जराही वेळ दवडला नव्हता. वेळ गेला तो आमच्या खोलीत. काकांच्या छातीतली रक्तवाहिनी भलतीच वेडीवाकडी. नळी वर चढे आणि घसरून खाली येई.

सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, जांघेऐवजी हातातून नळी घालून बघायची का?"

"थांब गं, आता जमेलच," बाई म्हणाल्या. जांघेतून त्यांना नेहमी जमायचं ना! आता जमेल, आता जमेल करत त्यांनी पुन्हा पुन्हा तोच रस्ता धरला. गाठ बसून असते तोवर मेंदू मरत असतो, हे त्यांनीच शिकाऊ डॉक्टरांना कितीदा बजावलं होतं. त्यांच्या घामाने मी चिंब झालो.

अखेर हातातून नळी घातली आणि गाठ झटक्यात बाहेर आली. अख्खी! खोलीत टाळ्या पडल्या. बाईंनी मला अंगावरून न उतरवताच ती काकूंना दाखवली. काकू रडता रडता हसल्या. त्यांनी मोबाइलवर गाठीचा फोटो काढला. "आता बोलतील ना?"

"बघू या," बाई म्हणाल्या.

काका बोलले नाहीत. पुढे कित्येक महिन्यांनी ते तपासणीला आले, तेव्हा मी बाहेरच्या बाकावर पडलो होतो. बाई दिसताच काकूंनी मोबाइल पुढे केला. तो फोटो त्यांनी जपून ठेवला होता.

"सगळी निघाली होती ना हो, डॉक्टर? मग असं कसं?"

बाईंनी फोटो पाहिला. "निघाली होती. पण मी उशिरा काढली."

काकूंनी मोबाइल पिशवीत ठेवला.

मित्रांनो, लवकरच मी भंगारात जाईन. मला टांगा नाहीतर फेका, चालेल. पण कुणाचं तोंड वाकडं झालं, जीभ अडखळली, तर 'जरा पडा, बरं वाटेल' म्हणू नका, धावा. आणि तुमच्यापैकी कुणी डॉक्टर झालात, तर एकाच रस्त्यावर अडून बसू नका. काकांना आता त्याचा काही उपयोग नाही. तपासणीच्या त्या दिवशीसुद्धा काकू त्यांच्या शेजारी बसून हळूच सांगत होत्या, "म्हणा ना, गाडी. गा-डी." काकांचे ओठ हलले, डोळे भरून आले. आवाज फुटला नाही.