रुख्मिणीचा खुराक

एका माणसाने खाऊन-पिऊन तगडं व्हायचं आणि दुसऱ्याने त्याची उष्टी काढता काढता खंगायचं, असं घर तुम्ही पाहिलं नसेल तर तुम्ही नशीबवान! केनवड गावातलं जगदेवचं घर असंच होतं.

इंग्रजी अमदानीतली गोष्ट. अकोल्याला शिकताना एका गोऱ्या साहेबाने जगदेवला गोल्फ शिकवला होता. काठीने चेंडू लांब टोलवायचा खेळ. साहेब म्हणाला, "मनगट आणि कंबर कमाव, हिवाळ्यातल्या सामन्यात तुला जोडीला घेतो." झालं! गावी येताच जगदेव नानाजींच्या तालमीत जाऊ लागला. जोर, बैठका, मुद्गल. मेहनत करील त्याला खुराक, हा तालमीचा रिवाज. घरच्या म्हशीचं दूध सगळं त्याच्याच पेल्यात पडू लागलं.

त्याची बायको रुख्मिणी पोटुशी होती. पाणी शेंदायचं, ज्वारी दळायची, गोठा काढायचा, आणि वाट्याला पाणचट ताक. तिने कधी मागितलं नाही, त्यानेही कधी विचारलं नाही.

एका सकाळी जगदेव नानाजींना घेऊन घरी आला. खुराक कसा घेतो ते त्यांना दाखवायचं होतं. ओसरीवर रुख्मिणी जात्याला टेकून भोवळ येऊन पडली होती आणि दुधाचा गडवा कलंडला होता.

"दूध सांडलं काय?" जगदेवच्या तोंडून आधी हेच निघालं.

बोललेला शब्द त्याच्याच कानात शिरला आणि तो गोरामोरा झाला. धावत जाऊन त्याने तिला उचललं. पोटुशी बाई, पण हाताला वजनच लागेना! तिने डोळे उघडले.

"माह्या हातून दूध सांडलं," ती पुटपुटली. "रागावू नका. सांजच्याले देतो."

अरेरे! जगदेवला जागच्या जागी मेल्यासारखं झालं.

"जगदेव," नानाजी दारातूनच म्हणाले, "मुद्गल फिरवनं मेहनत हाय. मंग जातं फिरवनं काय हाय?"

"ते... घरकाम हाय, नानाजी."

"काहून? कंबर तिची फिरत नाही? खांदा तिचा दुखत नाही? वरतून पोटात लेकरू! मेहनत करीन त्याले खुराक, असं सांगतलं होतं म्या तुले. तू अर्धंच आयकलं." मग त्यांचा आवाज उतरला. "माह्या घरी बी हेच चालते, बाबू. म्या बी कधी पाह्यलं नाही."

दोघांनाही एकमेकांकडे बघवेना.

जगदेवने रुख्मिणीला बाजेवर निजवलं आणि तो जात्यावर बसला. त्याची आई कस्तुराबाई लगबगीने दार लोटायला धावली. "अरे, गडीमानूस जात्यावर? लोक काय म्हनतीन!"

"राहू दे उघडं, माय. अन् सांजचं दूध रुख्मिनीले देजो."

थोड्याच वेळात त्याला धाप लागली. मुद्गल फिरवणाऱ्याला! बाजेवरून रुख्मिणी बघत होती आणि त्याला मान वर करता येत नव्हती. पण दुसऱ्या दिवशीही तो जात्यावर बसला, आणि नंतरही.

हिवाळ्यात अकोल्याच्या मैदानावर त्याने चेंडू असा टोलवला की साहेब बघतच राहिला. "ही कंबर कोणत्या तालमीत कमावलीस?" त्याने चारचौघांत विचारलं.

जगदेवच्या ओठांवर 'मुद्गल' आलं होतं. ते त्याने गिळलं.

"जात्यावर, साहेब. बायकोच्या जात्यावर."

मंडळी खो खो हसली. जगदेवचे कान तापले. पण शरम वाटली ती जात्याची नव्हे. रुख्मिणी भोवळ येऊन पडेपर्यंत आपण डोळे मिटून होतो, याची.

मंडळी, ज्याला आपण बायकांचं काम म्हणून बाजूला सारतो तीही मेहनतच आहे आणि तिलाही खुराक लागतो. उद्या सकाळी आपल्या घरचं दूध कोणाच्या पेल्यात पडतं, ते जरा डोळे उघडून बघा!