महामायेचा आठवा पाय

मोताळ्याहून आत फुटणाऱ्या रस्त्यावर त्या दिवशी इतकी गर्दी होती, की मला स्कूटर एका शेताच्या धुऱ्यावर लावून पुढे चालत जावं लागलं. जाळेनाथ महाराजांच्या मठात महामाया समाधी घेणार होती. महामाया म्हणजे कोळीण. तळहाताएवढी, केसाळ, काचेच्या पेटीत लाल मखमलीवर बसवलेली. तिला सातच पाय होते आणि आठवा, दरवर्षीसारखा, आज उगवणार होता.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. आपोआप पेटणारे नारळ, लिंबातून निघणारं रक्त, जिभेवर विझणारा कापूर, सगळं मी गावोगावी युक्तीसकट करून दाखवलं आहे. लोक टाळ्या वाजवतात, चहा पाजतात आणि पुढच्या बाबाकडे जातात. खरं सांगतो, मला आता या कामाचा कंटाळा आला आहे. पण त्या दिवशी पहिल्या रांगेत माझी मोठी बहीण बनाबाई बसली होती, म्हणून जावं लागलं.

आक्काला साखरेचा आजार. पायाचा अंगठा काळा पडला होता. अंगठा काढा, नाहीतर पाय जाईल, असं बुलढाण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. आक्का तिथून उठली ती थेट मठात आली. कोळिणीला अख्खा पाय फुटतो, तर आपल्याला अंगठा का फुटू नये? महाराजांनी व्रतही सांगितलं होतं. महामाया समाधीआधी अन्न सोडते, भक्तांनीही तिच्याबरोबर सोडायचं, आणि औषध म्हणजेही अन्नच. आक्कानं जेवण सोडलं, गोळ्या सोडल्या, इन्सुलिनची सुईही सोडली. बायका तिच्या निष्ठेचं कौतुक करत होत्या. तिच्या पायावरच्या फडक्याचा वास मात्र कुणाला येत नव्हता.

"आक्का, चाल. गाडी बोलावतो, आताच बुलढाण्याले जाऊ."

"बस ना बापू. समाधी लागून राह्यली, अन् तुह्यं काय मधातच?"

तिला धड बसवतही नव्हतं. महाराजांनी माईक हातात घेतला.

"भक्तहो! सायन्स म्हणते गेलेला पाय येत नाही. अरे, सायन्सची माय कोन? महामाया! अमेरिकेचे डाक्टर मले फोन करून राह्यले, महाराज, थोडा अंगारा पाठवा. मी म्हटलं, नंबर लावा!"

लोक हसले, हात जोडले गेले. तेवढ्यात कोळीण खरोखरच उताणी झाली आणि पाय वर करून निपचित पडली. मांडवातून हुंदके ऐकू आले. पेटीवर भगवं वस्त्र पडलं, भजन सुरू झालं, आणि दुपार कलेपर्यंत ते संपेना. मग महाराजांनी वस्त्राखाली हात घालून काहीतरी काढलं आणि कुणाला न दाखवता धुनीत टाकलं. "जुनी काया जळाली!" त्यांनी वस्त्र ओढलं. महामाया जिवंत होती आणि तिला आठ पाय होते.

मी पिशवीतून माझी पेटी काढली आणि आक्कासमोर ठेवली. आत आमच्या प्रयोगशाळेतली कोळीण होती. टॅरंटुला म्हणतात या जातीला. शहरांत लोक हौसेनं पाळतात. माझा एक जुना विद्यार्थी परदेशी जाताना ती कॉलेजला देऊन गेला होता. तिच्याशेजारी कागदावर दुसरी कोळीण पडली होती, पाय आखडलेली.

"अरे, यानं महामायेची बहीण मारली!" कुणीतरी ओरडलं. दोघांनी माझी कॉलर धरली.

"मारली नाही. आक्का, तू हातात घेऊन पाह्य."

आक्का भ्याली, पण भाऊ मार खाणार हे दिसत होतं. तिनं ती मेलेली दिसणारी कोळीण तळहातावर घेतली आणि चकित झाली. "याले तं वजनच नाही. पोकळ आहे हे. शेंगाच्या फोलपटावानी."

"कातच आहे ती. साप टाकते, तशी ही टाकते. त्याच्याआधी खाणं सोडते, अन् टाकताना उताणी पडते. मेली नसते, अन् समाधीही नसते. आमच्या प्रयोगशाळेतल्या शिपायानं, इंद्रभाननं, तं एकदा मेली समजून पुरायले नेली होती. आता त्या कातीचे पाय मोज."

आक्कानं बोटानं मोजले. सात. मग पेटीतले मोजले. आठ, त्यातला एक बारीक आणि फिकट.

"नवा पाय कातीच्या आतच तयार होते. म्हणून महाराज कात जाळतात. तिच्यात पाहायचं तेवढं सारं दिसते. आमच्या कोळिणीनं ना मंत्र ऐकला, ना अंगारा लावला."

"पण हिचा पाय गेला कसा?" आक्कानं विचारलं.

"पेटीच्या झाकणात अडकून तुटला होता."

आक्काचं डोकं लहानपणापासून माझ्यापेक्षा चांगलं चालायचं, फक्त शाळेत कुणी पाठवलं नव्हतं. ती महाराजांकडे वळली. "महाराज, महामायेचा तं दरसाली एक पाय जाते. तो काऊन जाते?"

"ती... ती भक्तांसाठी अर्पण करते, माय."

"चिमट्यानं धरतात ना महाराज," मठ झाडणारी रुक्मिणीबाई सहज म्हणाली. "धरला की ती पाय सोडून पळते. मले वाटलं, हेही पूजेतलंच हाय."

ती काही लपवत नव्हती. मठातल्या आणखी चारजणांनीही ते पाहिलं होतं आणि त्यांनाही ते पूजेतलंच वाटलं होतं. महाराजांनी माईक खाली ठेवला. मांडवात कुणी जयजयकार केला नाही, पण कुणी महाराजांची कॉलरही धरली नाही. निम्मे लोक तरी जाताना अंगारा घेऊनच गेले.

आक्का माझ्या खांद्यावर हात टाकून उठली. बुलढाण्याला पोचलो तेव्हा अंगठ्यावर भागण्यासारखं राहिलं नव्हतं. डॉक्टरांना अर्धं पाऊल काढावं लागलं.

या कामात जिंकलो असं कधी वाटतच नाही. एवढंच सांगायचं आहे. कोळ्याला पाय फुटतो, कारण त्याचं शरीर तसं आहे. आपलं तसं नाही. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी विचारा, की हे झालं कसं, आणि ज्यानं दाखवलं त्यानं आधी काय केलं. तेवढं विचारेपर्यंत औषध मात्र सोडू नका.

वॉर्डात शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको, झुंबरबाई, आक्काजवळ येऊन हळूच म्हणाली, "माह्या मालकाच्या पायाची जखम चिघळली. डाक्टर कापा म्हणते. आमी उद्या सुट्टी घेऊन जाळेनाथाकडे जाऊन राह्यलो. तुमच्यासाठी अंगारा आणू का?"

आक्कानं चादर बाजूला केली आणि बांधलेलं पाऊल तिच्यापुढे धरलं.

"मीही गेली होती," ती म्हणाली. "पह्यले सांगतलं तवा आली असती, तं अंगठाच गेला असता. जाय, डाक्टरले बोलाव."

झुंबरबाई त्या पावलाकडे बघत राहिली. मग वळून डॉक्टरांना शोधायला गेली.