सड्यावरची गिरकी

भिकाजी बोटीवर खलाशी होता. १९८४ च्या श्रावणात तो सुट्टीवर घरी आला तो मुठीत मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा घेऊन. नॉर्वेच्या कुठल्याशा बंदरात त्याने एक फिल्म पाहिली होती. पायाला फळ्या बांधलेली पोरं बर्फाच्या डोंगरावरून घसरत येतात, हवेत उडतात, गिरकी घेतात आणि पुन्हा फळ्यांवर उभी राहतात. "आपण पण करूया," तो मला आणि लवूला म्हणाला. बर्फ कुठून आणणार, हे काही त्याने सांगितलं नाही.

बर्फाची तशी गरजही नव्हती. रत्नागिरीच्या वेशीवर आमची वाडी, आणि घरामागची घाटी चढली की सडा, डोंगरमाथ्यावरचं कातळाचं माळ. उन्हाळ्यात नुसता तापलेला कातळ, पण श्रावण-भादव्यात त्याच्या उतारावर गुडघाभर गवत माजतं आणि ते इतकं ओलं असतं की चालताना माणूस देवाचं नाव घेत चालतो.

लवू होड्या बांधणारा सुतार. होडीची फळी भिजवून, शेकवून वाकवतात तशी त्याने फणसाच्या पातळ फळ्यांची टोकं वर वळवली, त्यांवर जुने कॅनव्हासचे बूट ठोकले आणि खालून तेल चोपडलं. उताराच्या मध्यावर चिऱ्यांचा एक पडका गडगा, म्हणजे कुंपणाचा बांध होता, त्यावर चिखल आणि गवत थापून उडी मारायची जागा केली. उडणारे मी आणि लवू. भिकाजी कॅमेऱ्यामागे, कारण त्याला बोटीवर परत जायचं होतं आणि मोडक्या पायाला कंपनी घेत नाही.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा, कचेरीत कारकून. साहेबांनी हाक मारली की मी चुकीचीच फाइल घेऊन धावायचो. सड्यावर मात्र मला कशाचीच भीती वाटत नसे, हे मला तिथेच पहिल्यांदा कळलं. आईला मी सांगायचो, क्रिकेट खेळायला जातो. अंगावरच्या सुजेला ती रोज हळद गरम करून लावायची. "भादव्यात कसला रे क्रिकेट?" एवढं एकदा म्हणाली.

रोल एकच होता, तीन मिनिटं वीस सेकंदांचा. म्हणून पंधरा दिवस नुसते पडलो आणि गौरी गेल्यानंतरच्या रविवारी भिकाजीने कॅमेरा चालू केला. त्या दिवशी मी गडग्यावरून उडालो, हवेत पुरता एक फेर फिरलो आणि दोन्ही पायांवर उतरलो. नंतर लगेच करवंदीच्या जाळीत गेलो ती गोष्ट वेगळी. पण उतरलो होतो. त्याआधी तसं कधी जमलं नव्हतं आणि त्यानंतर पाऊसच ओसरला.

भिकाजीच्या घराची कौलं दुरुस्तीला उतरवली होती, म्हणून रोल माझ्या ट्रंकेत राहिला. तो धुवायची सोय इकडे नव्हती, दसऱ्यानंतर भिकाजीच परदेशी धुऊन आणणार होता. त्याच्या निघायच्या दिवशी सकाळी मी ट्रंक उघडली तर रोल नाही.

"ती डबी होय?" आई म्हणाली. "ट्रंकेत बुरशी धरलीय. तुज्या शर्टांना पण आलीय. म्हणून वर ठेवली." वर म्हणजे चुलीवरच्या फळीवर. आमच्याकडे ओलीपासून जे जपायचं ते सगळं तिथेच जातं. बियाणं, आमसुलं, सुके बांगडे, आणि आता तीन आठवडे माझा रोल. डबी हाताला कोमट लागली, धुराचा वास येत होता. फिल्मला उष्णता चालत नाही, हे भिकाजीने मला दहा वेळा बजावलं होतं. मी ते आईला एकदाही सांगितलं नव्हतं.

"तुला काय कळतं त्यातलं?" मी ओरडलो. "जन्मभर बांगडे सुकवत बस." आज हे लिहितानाही मला त्या वाक्याची लाज वाटते.

भिकाजी रोल घेऊन गेला. पुढचे दहा महिने पोस्टमन वाडीत आला की आई हातातलं काम टाकून बाहेर यायची. मुंबईहून बाबांचं पत्र असलं तरी आधी विचारायची, "भिकाजीनं काय कळवलान? डबीचं काय झालं?" मी तुसडेपणाने नाही म्हणायचो. तिच्या जिवाला काय घोर लागलाय हे मला दिसत होतं आणि मी तो मुद्दाम लागू देत होतो.

पुढच्या श्रावणात भिकाजी धुतलेली फिल्म आणि एक जुना प्रोजेक्टर घेऊन आला. त्याच्या पडवीला गोणपाटं लावून भर दुपारी अंधार केला, भिंतीवर धोतर ताणलं. आईला मी बोलावलं नाही.

फिल्मवर चित्र उतरलं होतं, पण सगळं फिकट. गवताचा हिरवा रंग पार गेलेला, उतार पांढराफटक, त्यावर आम्ही काळ्या काड्या. "बर्फच पडलाय की," लवू म्हणाला. "बर्फ असा नसतो," भिकाजी म्हणाला, पण त्यालाही हसू आलं होतं. मग माझी पाळी आली. मी घसरत आलो, गडग्यावरून वर गेलो आणि पडदा कोरा झाला. पाच-सहा सेकंद नुसता पांढरा उजेड. मग मी जाळीत बसून हसताना दिसलो. गिरकी नव्हतीच.

मला रडू यायला लागलं. बाहेर जायला उठलो तर मागे दाराशी आई उभी. कधी आली होती कोण जाणे.

"पुन्यांदा लाव," ती भिकाजीला म्हणाली. त्याने लावली. ती पदराचं टोक धरून बघत राहिली. "तो आपला महिपत काय? आणि कोरं झालं तिथं काय केलान त्यानं?"

भिकाजीने हात फिरवून दाखवलं. "असा पुरा फिरला, काकी. आणि उभा राहिला."

आई माझ्याकडे वळली. "वरसभर मी झुरत्येय, डबीत पोराची कसली कचेरीची कागदपत्रं होती नि मी ती करपवली म्हणून. आणि हे होतं? मेल्या, तू वर उडत होतास तेव्हा मी खाली चुलीपुढंच होत्ये ना. मला हाक का नाय मारलीस?"

दुसऱ्या दिवशी मी फळ्या खांद्यावर घेतल्या आणि तिला घेऊन घाटी चढलो. अर्ध्या वाटेत म्हटलं, "आई, रोलवरून मी तुला फार वाईट बोललो."

"बोललास," ती म्हणाली आणि चालत राहिली.

वर ती छत्री उघडून गडग्याशेजारी एका चिऱ्यावर बसली. मी वरून सुटलो, उडालो, अर्धाच फिरलो आणि तिच्यासमोर तोंडावर आपटलो. घाबरली असेल म्हणून आधी तिच्याकडेच पाहिलं. तिने पाय सरळ केले, छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"परत कर," ती म्हणाली. "मला घाई नाय."