अकराशे वेढे

संगीता राठोडच्या दुकानात विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी येत. बोरी अरबला, मुख्य रस्त्यापासून थोडं आत असलेलं हे वायंडिंगचं, मोटारीत नवी तार भरून देण्याचं दुकान तिच्या वडिलांनी, खेमसिंग यांनी टाकलेलं. लग्नानंतर वर्षभरातच ती दिग्रसहून कायमची परत आली, तेव्हा तांड्यावर सगळ्यांनी सगळं विचारून घेतलं. वडिलांनी काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला दुकानात आणून बसवलं आणि मोटारीतली जळकी तार कशी ओढून काढायची ते दाखवलं. त्याला सतरा वर्षं झाली होती. वडील जाऊन तीन. आता गिऱ्हाइकं यायची, मोटार कधी मिळेल एवढं विचारायची आणि जायची. एखाद्या दिवशी "परवा या" याशिवाय तिच्या तोंडून दुसरा शब्द निघत नसे.

एप्रिलमध्ये ओलिताची कामं संपली, दुकान थंडावलं. अशाच एका दुपारी एक म्हातारे गृहस्थ बगलेत पीव्हीसी पाइपचा तुकडा धरून आले. नेरचे भगवानराव, विज्ञानाचे निवृत्त मास्तर. त्यांना त्या चार इंची पाइपवर चौतीस नंबरची तांब्याची तार गुंडाळून हवी होती. एकच थर, वेढ्याला वेढा लागून, एकही दुसऱ्यावर चढलेला नको. असे अकराशे वेढे. यवतमाळच्या दोन दुकानांनी त्यांना नाही म्हणून परत पाठवलं होतं.

"कोन्त्या मोटारीचं हाय हे?" संगीताने विचारलं.

"मोटार नाई बाई. यातून काईच फिरत नाई. ठिणगी निघते फक्त, हवेत."

त्यांनी पिशवीतून झेरॉक्सची चळत काढली. टेस्ला कॉइल. परदेशातल्या कुणा हौशी माणसाने स्वतः बनवली होती आणि तिचा नकाशा, सामानाची यादी, सूचना सगळं नेटवर ठेवलं होतं. भगवानरावांनी ते उतरवून घेतलं होतं आणि इंग्रजी शब्दांवर पेन्सिलीने मराठी अर्थ लिहिले होते. तीस वर्षं त्यांनी पोरांना हे फळ्यावर काढून दाखवलं, पण स्वतः कधी पाहिलं नव्हतं. शाळेत साधी बॅटरी मिळायची मारामार. त्यांची बायको गेल्या वर्षी वारली, मुलगा पुण्याला. घरी बसून हेच एक करावंसं वाटलं, असं ते म्हणाले. त्यांचे हात सतत थरथरत होते. तार दुसऱ्याकडून का गुंडाळून हवी, ते संगीताला न विचारता कळलं.

तिला दोन दिवस लागले. केसासारखी तार, बोटाने जरा जास्त दाबली तर तुटायची, सोडली तर वेढे पसरायचे. सातशेच्या आसपास एक वेढा चढला म्हणून तिने शंभर उलगडून पुन्हा घेतले. शेवटी वार्निशचा हात दिला आणि पाइप उन्हात उभा केला. भगवानराव न्यायला आले आणि कितीतरी वेळ त्यावरून नुसता अंगठा फिरवत राहिले.

त्यांनी तो नेलाच नाही. पुढचं कामही इथंच करू का, असं विचारलं. मग दर गुरुवारी ते एसटी बदलत नेरहून येऊ लागले. ते वाचून सांगायचे, संगीता डाग द्यायची. पाइपच्या बुडाशी जाड तारेचे नऊ वेढे बसले. त्यांच्यात वीज सोडायला दोन काळे मॉस्फेट, नखाएवढे ट्रान्झिस्टर, होते. सेकंदाला तीन लाख वेळा ते विजेची दिशा पालटणार होते. पहिल्या चाचणीला वीज जास्त गेली तर आवरायला तिने मधे सिरीज बल्ब लावायचा म्हटलं, त्यांनी घाई केली, आणि दोन्ही मॉस्फेट फटाक्यासारखे फुटले. भगवानराव खजील झाले. चूक माझी, असं म्हणून पुढच्या खेपेला त्यांनी चार नवे आणले. त्यानंतर प्रत्येक गोष्ट जोडण्याआधी ते थांबायचे आणि विचारायचे, "तुले काय वाटते?"

तिला काय वाटतं हे वडिलांनंतर कुणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा ती फक्त जोडा म्हणाली. नंतर ती बोलू लागली. बुधवारी रात्री स्वयंपाक करताना तिच्या डोक्यात दुसऱ्या दिवशी सांगायच्या गोष्टी तयार होत. दुपारी दोघं बाकावर बसून आपापला डबा खायचे आणि कॉइलशिवाय फारसं काही बोलायचे नाहीत. तिला तेच बरं वाटे.

जुलैच्या दुसऱ्या गुरुवारी ते आले नाहीत. तिसऱ्यालाही नाही. फोन बंद. पाऊस असेल, बस नसेल, असं तिने धरलं. चौथ्या गुरुवारी दुकान बंद करून ती नेरला गेली. झेरॉक्सवर त्यांनी पत्ता लिहिला होता. घराला कुलूप होतं. शेजारच्या इंदूबाईंनी सांगितलं की मास्तरांना लकवा मारला, न्हाणीत पडले होते, मुलाने गाडी करून पुण्याला नेलं. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही कोन लागता त्यांच्या?"

"मोटारी बांधते मी, बोरीले," संगीता म्हणाली. इंदूबाईंना त्यातून काही समजलं नसावं, पण त्यांनी मुलाचा नंबर दिला.

मुलगा नयन फोनवर सभ्यपणे बोलला. बाबांचा उजवा हात गेलाय, बोलणं अडखळतं, आठवणीचं काही खरं नाही, असं त्याने सांगितलं. कॉइलबद्दल त्याला काहीच ठाऊक नव्हतं. संगीताने काम पुरं झाल्यावर फोन करू का विचारलं, तो करा म्हणाला.

पुढचं तिने एकटीने केलं. फोनवर एकेक इंग्रजी वाक्य मराठीत करून घेत, अडलं की भगवानरावांच्या पेन्सिलीचे शब्द शोधत. रब्बी लागली, मोटारींची रांग लागली, तेव्हा कॉइलला दिवसाकाठी अर्धा तास मिळायचा. दुकानामागे खड्डा खणून तिने मीठ-कोळसा घालून वेगळं अर्थिंग केलं. स्वयंपाकघरातल्या चिमणीचा, वाकणारा ॲल्युमिनियमचा पाइप यवतमाळहून आणला, गोल वाकवून कॉइलच्या डोक्यावर बसवला. बरेचदा ती मोठ्याने बोलत असे, हे जोडू का, हे बरोबर हाय का. मग थांबायची.

डिसेंबरात पहिल्यांदा सिरीज बल्ब काढून तिने थेट वीज दिली. मॉस्फेट टिकले. कॉइलमधून बारीक गुणगुण येऊ लागली. कॉइलपासून चार हात लांब धरलेली ट्यूबलाइट, कुठंच न जोडलेली, तिच्या हातात लख्ख पेटली. पण ठिणगी नाही. तिने खालच्या वेढ्यांची टोकं उलटी जोडून पाहिली, तर गुणगुणही बंद झाली. पुन्हा सुलटी केली. आठ दिवस ती सगळी कागदं उलटसुलट चाळत होती.

शेवटी तिने नयनला फोन लावला. रविवारी सकाळी अकराला व्हिडिओ कॉल ठरला. तिने केस विंचरले, शटर अर्धं ओढलं, फोन दूर स्टुलावर उभा केला.

पडद्यावर भगवानराव खुर्चीत होते. दाढी वाढलेली, चेहरा एका बाजूला उतरलेला. नयनने त्यांना सांगितलं की ह्या बोरीच्या संगीताबाई, तुम्ही दर आठवड्याला यांच्याकडे जात होता.

त्यांनी डोळे बारीक करून पडद्याकडे पाहिलं.

"नाई," ते हळूहळू म्हणाले. "मी नाई ओळखत यायले."

नयन काहीतरी सावरून बोलू लागला. राहू द्या म्हणत संगीता वळली, मागे जाऊन बटण दाबलं. गुणगुण सुरू झाली, चित्र थरथरू लागलं. तिने ट्यूबलाइट पेटवून दाखवली. मग बंद करून परत फोनपाशी आली आणि कुठलीही ओळख नसलेल्या माणसाला सांगावं तसं सांगितलं की बाकी सगळं चालते, ठिणगी निघत नाही.

भगवानराव पुढे वाकले. त्यांचा डावा हात उठला आणि हवेत वर्तुळ काढू लागला.

"गोल हाय सारं," ते म्हणाले. "वीज निघन कोठून? टोक पाह्यजे. वर टोक लाव."

झेरॉक्सवरच्या फोटोत त्या गोलावर एक उभी रेघ होती. संगीता ती कागदाची घडी समजली होती. मोटारीचे वेढे दोऱ्याने बांधायचा दाभण तिने उचलला, बूड ॲल्युमिनियमच्या पट्टीने गोलावर घट्ट बसवलं, टोक वर. बटण दाबलं.

टोकावरून जांभळी ठिणगी उठली. वीतभर, मग त्याहून लांब, फाटे फुटत, सळसळत, एका जागी न ठरणारी. दुकानभर पावसाआधीचा असतो तसा वास पसरला. ती किती वेळ बघत राहिली तिला कळलं नाही.

बंद करून फोनकडे आली तेव्हा कॉल तुटलेला होता. पुन्हा लावला. नयन म्हणाला, बाबांनी पाहिलं, खूप वेळ पाहिलं, नंतर मधेच चित्र गेलं. काही बोलले का, असं तिने विचारलं.

"म्हणाले, ज्याने बांधली त्याचा हात चांगला आहे."

कोणी बांधली ते तुम्ही सांगितलं का, हे तिने विचारलं नाही. तब्येतीला जपा म्हणाली आणि फोन ठेवला.

मार्चमध्ये नयनचा निरोप आला, दोन ओळींचा. भगवानराव गेले होते. संगीताने त्या गुरुवारी दुकान उघडलं नाही. शुक्रवारी पाच एचपीची एक मोटार आली, तिची जळकी तार काढायला बसली. कॉइल वरच्या फळीवर आहे. कुणी विचारलं तर ती सांगते, सरांची हाय. मग लोक विचारतात, कोण सर? तेव्हा ती हातातलं काम बाजूला ठेवते आणि सांगायला सुरुवात करते. ऐकायला थांबणारे फार नसतात.