सम्राटाच्या आईचे दात

१९८१ साली आमच्या ह्यांना सिनेमाचं वेड लागलं. वर्ध्याजवळ सिंदीत ह्यांचा फोटो स्टुडिओ नीट चालला होता, पण सुखातला जीव दुःखात घालायची आमच्या घरात जुनी खोड आहे. ह्यांनी, म्हणजे ओमप्रकाशनी, नागपूरच्या मित्राचा छोटा मूव्ही कॅमेरा पंधरा दिवसांसाठी मागून आणला. गोष्ट काय, तर जिनिंगमधला फिटर कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसमध्ये अडकतो आणि बाहेर निघतो तो हजार वर्षांपूर्वीच्या जपानात, सम्राटाच्या दरबारात.

"आपल्याले वर्ध्याले जायाले फुरसत नाई, अन् हे जपानात चालले," मी म्हटलं. पण माझं ऐकतो कोण!

गावातल्या जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये बांबूचे तट्टे उभे करून दरबार झाला. तिथलेच बबनराव सम्राट झाले. कपडे माझ्याकडे. वर्ध्याच्या लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकात दरबारातल्या बाया एकावर एक बारा झगे घालत असं होतं, म्हणून मी गल्लीतल्या बारा जरीच्या साड्या गोळा केल्या. त्याच पुस्तकात पुढे लिहिलं होतं की त्या बाया दात काळे करत आणि ते मोठ्या घरचं लक्षण समजलं जाई. ह्यांनी ते वाचलं आणि हळूच स्वयंपाकघराकडे पाहिलं.

तिथे माझ्या सासूबाई होत्या, आनंदाबाई. लहानपणापासून दातवण लावून त्यांचे दात तव्यासारखे काळे झालेले. आमच्या लग्नात फोटो काढताना पोटच्या पोराने चार लोकांत म्हटलं होतं, "माय, तोंड मिट." त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून हसू आलं की त्यांचा पदर आधी तोंडावर जायचा. आणि त्या तर शिंक आली तरी हसणाऱ्या! ह्या एका गोष्टीसाठी मी नवऱ्याला माफ केलं नव्हतं.

"माय, तू सम्राटाची माय. राजमाता. येत्या रविवारी शूटिंग," एवढंच हे बोलले. का निवडलं, ते सांगायला जीभ रेटली नाही.

आठ दिवस सासूबाई मोरीत कोळसा आणि मीठ घेऊन बसत. मी विचारलं की म्हणत, दाढ दुखते. रविवारी सकाळी बारा साड्या नेसून त्या सिंहासनाशेजारी बसल्या, तोंड उघडलं, आणि ह्यांनी कपाळाला हात लावला. दात कुठे पांढुरके, कुठे पिवळे, हिरड्या सोललेल्या.

"माय, हे काय केलं?"

"तुह्या सिनेमात तुले लाज नको म्हून घासले."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "आत्याबाई, ह्याइले काळेच दात पायजे होते. पुस्तकात तसंच हाय. म्हून तर तुमाले राजमाता केलं."

सासूबाई लेकाकडे वळल्या. "मंग सांगतलं काऊन नाई?"

ह्यांनी रीलच्या डब्यात डोकं घातलं. शेवटचं एकच रील उरलेलं, तीन मिनिटांचं, आणि सोमवारी सकाळी कॅमेरा परत करायचा. बबनरावांनी तोड काढली, "आनंदाबाई, तोंडासमोर हातातला पंखा धरा. झालं काम."

"हो माय, पंखा धर. दात दिसणारच नाई," ह्यांनी लगेच री ओढली.

"अकरा वर्स पदर धरला. आता पंखा नाई धरत," सासूबाई म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "चार वाजेपर्यंत थांबा. कोकिळे, घरून माही डबी आण."

डबीत हिरडा आणि हिराकसाचं काळं दातवण. टिनाच्या शेडखाली, बारा साड्यांत, पाण्याचा घोटही न घेता त्या बसून राहिल्या. तासातासाने मी दातांवर दातवणाचा एक हात लावायची. सोललेल्या हिरड्यांवर ते असं चरचरायचं की डोळ्यांतून धारा लागत. मला पाहवेना.

"पुरे करा, आत्याबाई."

"पुरे काहाले? अजून एक हात लाव."

चारला दात काळेभोर झाले. ह्यांनी कॅमेरा उचलला, तशी सासूबाईंनी हात वर केला. "थांब. पह्यले ह्या सगळ्याइले सांग, मले इथं काऊन बसवलं."

शेडमध्ये पंधरा माणसं होती. ह्यांनी कॅमेरा खाली घेतला. "माह्या मायचे दात काळे हायेत म्हून. राजाच्या घरी असेच दात लागत." मग सासूबाईंकडे वळले. "मले लाज वाटत होती, माय. सांगाचीही लाज वाटत होती."

"अन् आता?"

"आता नाई वाटत."

"मंग चालव तुही मशीन."

पंखा मांडीवर ठेवून त्या हसल्या. राजमातेनं गंभीर बसायचं असं ठरलं होतं. "हसाचं नाई ना हो," बबनराव पुटपुटले. ह्यांनी कॅमेऱ्यावरून डोळा न काढता, एका हाताने त्यांना गप्प केलं. रील संपलं, घरघर थांबली, तरी हे कॅमेऱ्यातून पाहतच होते.