जुन्या खोक्याची नवी आवृत्ती

"जगाचा इतिहास पुढे धावणाऱ्यांनी घडवलेला नाही," काका सकाळी सकाळी गरजले, "मागे राहिलेल्यांसाठी जे थांबले, त्यांनी घडवलाय!"

"असेल," काकू म्हणाल्या. "पाय वर घ्या, फरशी पुसायचीय."

काकांनी पाय वर घेतले. इतिहास तेवढा वेळ ताटकळला.

सगळी इमारत त्यांना खोकेवाले काका म्हणे, कारण त्यांच्या खिडकीपाशी एक पिवळट पडलेला कॉम्प्युटर अहोरात्र घरघरत असे. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, शेजाऱ्यांशी भांडतात. काका प्रोग्रॅम बांधत. अंगाची मापं घातली की कापडावर कात्री कुठून चालवायची याचं रेखाटन काढून देणारा एक प्रोग्रॅम होता. फुकट, आणि त्याचा कोड सगळ्यांना खुला. दूरदूरची मंडळी तो हौसेने लिहीत, पण नव्या कॉम्प्युटरांसाठी. कंपनीने कधीच वाऱ्यावर सोडलेल्या जुन्या सिस्टिमवरही तो चालावा, म्हणून प्रत्येक नवी आवृत्ती तिथे बांधून देण्याचं काम काकांनी अंगावर घेतलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. अशीच कामं मानगुटीवर कायमची बसतात. त्या अख्ख्या कोडात काकांच्या हातच्या ओळी मोजक्याच: नवी आवृत्ती निघाली की वापरणाऱ्याला प्रेमाने कळवणारी एक चौकट. ती त्यांनी पहिल्याच आवृत्तीत घातली होती आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

माणसाने लिहिलेला कोड यंत्राच्या पचनी पडेल असा करून देणारा कंपायलर नावाचा प्राणी असतो. काकांचा कंपायलर म्हातारा. नवा कोड दिसला की पहिल्याच ओळीला मान फिरवायचा. नवा कंपायलर आणावा, तर तो बांधायला त्याहून जरासा जुना लागे आणि तो बांधायला आणखी एक. आजोबाच्या हातून बाप घडवायचा, बापाच्या हातून पोरगा, आणि मग पोराने म्हणायचं, की या घरात मेमरी पुरत नाही. त्यात खोक्याच्या घड्याळाची बॅटरी मेलेली. वीज गेली की खोकं काळात कुठल्या कुठे मागे जाई आणि समोरच्या फायली भविष्यातून आल्यात अशी तक्रार करत सगळं पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेई.

त्या दिवशी प्रकल्पाच्या प्रमुखाची मेल आली होती. भाषा मधाळ. जुन्या सिस्टिमसाठीचा सगळा कोड पुढच्या आवृत्तीतून काढून टाकतोय. कुणी वापरत असेल तर शुक्रवारपर्यंत कळवावं. काकांनी ताबडतोब कळवलं. उलट प्रश्न आला, "तुम्ही वापरता?"

"मी बांधतो."

"ते माहीत आहे. वापरता का?"

काकांना शर्टाचं बटणसुद्धा लावता येत नव्हतं.

पण वापरणारा एकजण होता! आवृत्ती चढवली की दुसऱ्या दिवशी डाउनलोडचा आकडा शून्याचा एक होई, दर वेळी. त्या एकावर काका जगत होते. त्याचं चित्रही त्यांनी मनाशी रंगवलं होतं: कष्टाळू, अबोल, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेला.

"त्याला शोधलं पाहिजे," काका म्हणाले. "तो एक बोलला, की सगळं वाचलं."

काकूंचा हात फडक्यावर थांबला. "अहो, रागावणार नसाल तर सांगते. ती मी."

"काय तू?"

"तो एक. फोनवरून मीच उतरवून घेते. पहिल्या वेळी तुम्ही शून्याकडे बघत बसलात, जेवायला उठेनात. म्हटलं, बोट तर लावायचंय, माझं काय जातंय?"

"आणि उतरवून काय करतेस?"

"पुसून टाकते. फोनमध्ये जागा कुठाय?"

काकांनी चष्मा काढून ठेवला. ज्या माणसासाठी वर्षानुवर्षं रात्री जागवल्या, तो समोर बसून फरशी पुसत होता. खोकं तेवढं घरघरत राहिलं.

काकूंनाच ते बघवेना. "थांबा की. ती कोपऱ्यावरची टेलरबाई! कोट द्यायला गेले होते, तर तिच्या टेबलावर डिट्टो असंच खोकं. आणि पडद्यावर तुमच्या प्रोग्रॅमची ती हिरवी कात्री."

डावी चप्पल उजव्या पायात घालून काका जिना उतरले.

दुकानात खडूची धूळ आणि इस्त्रीची वाफ. कापडाच्या थानांमध्ये पिवळट खोकं, आणि पडद्यावर खरोखरच हिरवी कात्री. टेलरबाईंच्या ओठांत टाचण्या होत्या.

"बाई, हा प्रोग्रॅम तुम्ही वापरता?"

"रोज. त्याच्यावाचून पान हलत नाही माझं."

"या मशीनसाठी तो मी बांधतो."

बाईंनी टाचण्या तोंडातून काढल्या. याहून मोठा मान त्या दुकानात नव्हता. "तुम्हीच का ते! दादा, तुमच्या जिवावर घर चालतंय माझं. बसा, बसा."

काकांना भरून आलं. डोळे पुसून त्यांनी पडद्याचा कोपरा पाहिला. तिथे आवृत्तीचा आकडा होता. पहिली.

"ही तर अगदी पहिली! त्यानंतर कितीतरी काढल्या मी. यात बाह्या चुकतात."

"दोन बोटं जास्त येतात. मी कमी करून कापते."

"मग नवी का नाही घेतली?"

"चालतंय त्याला कशाला हात लावायचा? नव्याची हौस असती, तर हे खोकं ठेवलं असतं का दादा?"

काका स्टुलावर बसले. इतकं साधं त्यांना कधी सुचलं नव्हतं. मग ते म्हणाले, "शुक्रवारपर्यंत दोन ओळी लिहाल? की तुम्ही वापरता. नाहीतर पुढच्या आवृत्त्या बंद होतील."

"लिहीन की. बंद झाल्या तर माझं हे बंद पडेल?"

"नाही."

"मग?"

काका उठले. दारापर्यंत पोचले तोच मागून हाक आली.

"दादा, आलाच आहात तर एवढंसं काम करून जाल? रोज सकाळी सुरू केलं की मधोमध एक चौकट येते, 'नवी आवृत्ती आली आहे, अवश्य घ्या' म्हणून. तेवढी बंद करून द्या ना."